हौगांगच्या दारातलं पहिलं हसू

पुणे, २४ जानेवारी २०१६

आधी माफी मागते. ताम्हिणीच्या रानफुलांवरची नोंद पावसाळ्यात टाकली, आणि त्यानंतर इथे नुसता शुकशुकाट. एका वाचकाने तर माझ्या प्रकृतीची चौकशी केली. प्रकृती उत्तम आहे. दिवाळीच्या सुट्टीत सिंगापूरला भावाकडे जाऊन आले आणि तिथलं लिहावं की नाही, हे ठरवण्यातच एवढे दिवस गेले. दुसऱ्यांच्या घरातल्या गोष्टी चव्हाट्यावर मांडायचा मला काय अधिकार? शेवटी माझ्या भावजयीनेच कळवलं की ताई, लिहा, फक्त मला देवी करू नका. तिला देवी करणं शक्यच नाही, हे पुढे दिसेलच.

नव्या वाचकांसाठी सांगते. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातून आलेले मराठी ज्यू. मी पुण्याच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. धाकटा भाऊ सॅमसन सिंगापूरला, तुआस भागातल्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे. तो अमेरिकेत ॲरिझोनाला शिकायला गेला आणि डिग्रीबरोबर लिआला घेऊन आला. लिआची आई न्यूयॉर्कची ज्यू. वडील नवाहो, म्हणजे तिथल्या मूळच्या लोकांपैकी. आई आता नाही. वडील अजून तिकडेच मेंढ्या सांभाळतात. लिआ सिंगापूरला शाळेत शिकवते, आणि ऑगस्टमध्ये त्यांना मुलगी झाली. नाव नओमी. मी तिला बघायला निघाले होते.

प्रवासाचं थोडक्यात. मुंबईहून रात्रीचं विमान स्वस्त पडतं. चांगी विमानतळावर टॅक्सीच्या रांगेत उभं राहू नका. एमआरटीचं, म्हणजे तिथल्या मेट्रोचं, कार्ड घ्या. ताना मेरा, पाया लेबार आणि सेरांगून अशा तीन ठिकाणी गाडी बदलली की हौगांग, म्हणजे भावाची वस्ती. सामान जास्त असेल तर हा सल्ला विसरा. माझ्याकडे पोह्यांचं पोतं म्हणावं एवढी पिशवी होती, कारण तिथे पोहे महाग मिळतात असं ऐकलं होतं. (मिळतात. पण सरकत्या जिन्यावर पिशवी फुटल्यावर जी लाज वाटते, तिच्या मानाने स्वस्तच.)

सॅमसन स्टेशनवर घ्यायला आला होता. आमच्या घराण्यातला हा अधिकृत विदूषक. लग्नात, सुतकात, कुठेही हा असला की लोक तोंडावर रुमाल धरतात. त्या दिवशी मात्र बँकेची नोटीस वाचावी तशा आवाजात म्हणाला, "ताई, प्रवास बरा झाला ना. चल."

मला वाटलं, नोकरी गेली. लिफ्टमध्ये त्याने खुलासा केला. नवाहो लोकांत बाळाचं पहिलं खळखळून हसू ही मोठी गोष्ट असते. तोवर बाळ पुरतं या जगात आलेलं नसतं म्हणतात. जो माणूस बाळाला पहिल्यांदा हसवेल, त्याने सगळ्यांना जेवायला घालायचं आणि बाळाच्या हाताने प्रत्येक पाहुण्याला मीठ वाटायचं, म्हणजे पोर उदार निपजतं. शिवाय हसवणाऱ्याचा स्वभाव बाळात उतरतो, असंही मानतात. लिआचे वडील रविवारी येणार होते. हसवायचा मान त्यांचा. तोवर घरात विनोदाला बंदी.

"आणि तुला तर विशेष बंदी आहे," सॅमसन म्हणाला.

"मला? मी कधी कुणाला हसवलंय?"

"तेच म्हणालो मी लिआला. पण तिला धोका नको होता. कारण तुझा स्वभाव."

माझ्या स्वभावाबद्दल घरात एक जुना टोमणा आहे, की ताईच्या हातून मीठसुद्धा सांडत नाही. मी स्वतःला काटकसरी समजते. चहाची पिशवी दोनदा वापरते, भेटवस्तूंचे कागद इस्त्री करून ठेवते. यात कुणाचं नुकसान आहे असं मला वाटत नाही. पण सॅमसनने हे सगळं अमेरिकन मुलीला लग्नाआधीच सांगून ठेवलं होतं, हे मात्र तेव्हा कळलं.

लिआने दार उघडलं, मला मिठी मारली, आणि बाळ माझ्याकडे देताना ज्या नजरेने पाहिलं, तसं मी प्रयोगशाळेत पहिल्या वर्षाच्या मुलांकडे ॲसिडची बाटली देताना बघते. नओमीने मला गंभीरपणे न्याहाळलं. मीही तिला. आमचं छान जमलं.

त्यांचा फ्लॅट सरकारी इमारतीतला आहे, समोर लांब कॉरिडॉर. मुख्य दार पश्चिमेला, स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला. दाराच्या चौकटीवर मेझुझा आहे. माहीत नसलेल्यांसाठी सांगते: ही एक छोटी नळी असते, आत धर्मवचनांचं चर्मपत्र. आत-बाहेर करताना तिला बोटं लावायची आणि ओठांना लावायची. ही मेझुझा लिआच्या आईची. तिच्या घराच्या दारावर ती कित्येक वर्षं होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन बाहेर आले आणि गोंधळले. सॅमसन दाराकडे तोंड करून प्रार्थना म्हणत होता, कारण आपल्या बाजूने जेरुसलेम पश्चिमेला. त्याच्याकडे बरोबर पाठ करून लिआ स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी, कारण तिचे वडील उगवतीकडे तोंड करून दिवसाचं स्वागत करतात. खिडकीबाहेर बांबूवर सॅमसनचे शर्ट वाळत होते, त्यामुळे तिला सूर्य दोन बाह्यांच्या मधून शोधावा लागत होता. हातात कातड्याची लहान पुरचुंडी. त्यातून चिमूटभर पिवळी पूड काढून तिने जिभेला लावली, कपाळाला लावली आणि उरलेली पुढे सोडली. मक्याचे परागकण होते. मी पंचवीस वर्षं परागकण शिकवते, पण त्यांना कुणी नमस्कार करताना पाहिलं नव्हतं. मी दोघांच्या मधोमध कप घेऊन उभी. कुठे तोंड करावं कळेना, म्हणून फ्रिजकडे केलं.

खरं सांगायचं तर मला ते खटकलं. आपल्या धर्मात हे बसतं का, हा प्रश्न दिवसभर डोक्यात घोळत राहिला. संध्याकाळी सॅमसनला एकटा गाठून विचारलं. तो म्हणाला, "आणि आपला मलिदा कुठल्या पोथीत आहे?"

मलिदा म्हणजे गोड पोहे, खोबरं, फळं असं ताट मांडून आम्ही संदेष्टा एलियाहूचं नाव घेतो. नवस फेडताना, लग्नाआधी, नवं घर घेतल्यावर. कोकणाबाहेरच्या ज्यूंना हे ऐकूनसुद्धा माहीत नसतं. सिंगापूरच्याच सिनॅगॉगमध्ये, म्हणजे आमच्या प्रार्थनामंदिरात, एका गृहस्थांनी सॅमसनला विचारलं होतं की हा नाश्ता आहे की प्रार्थना. तो म्हणाला, दोन्ही.

शुक्रवारी लिआ मला हौगांगच्या हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्याच्या गाड्यांच्या मंडईत, घेऊन गेली. खाण्याचे नियम पाळणाऱ्यांसाठी सूचना: भाताच्या गाडीवर भाज्या भरपूर असतात, पण कशात काय पडलंय ते विचारून घ्या. आम्हाला खवले असलेला मासाच चालतो. मी गाडीवाल्याला विचारलं, याला खवले होते का? त्याला वाटलं मी स्वच्छतेवर शंका घेतेय. तो दुखावून म्हणाला, "नो स्केल! ऑल क्लीन, लाह!" मी म्हटलं, पण आधी होते ना? तो म्हणाला, एकही नाही, शप्पथ. शेवटी टोफू घेतला. लिआ एवढी हसली की शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघायला लागले, आणि मग तिने दचकून बाबागाडीत पाहिलं. नओमी झोपली होती.

तिथेच तिने मला मुख्य गोष्ट सांगितली. (ती इंग्रजीत बोलते. मी मराठीत लिहितेय.) नवाहोंमध्ये माणूस आईच्या कुळाचा असतो. ज्यूंमध्येही आईकडूनच मोजतात. दोन्हीकडे एकच पट्टी. त्यामुळे लिआ आपल्याकडे पूर्ण ज्यू, आणि तिकडे तिला स्वतःचं कुळच नाही, फक्त वडिलांच्या कुळाची लेक म्हणून ओळख. तिकडे कुणी भेटलं की आधी कुळं सांगायची पद्धत आहे. लहानपणी या वेळी ती पहिल्या वाक्यालाच अडखळायची.

"नओमी तर आणखी एक पायरी लांब," ती म्हणाली. "तिला मी कुळ देऊ शकत नाही, ताई. निदान माझ्या वडिलांच्या हातचं पहिलं हसू तरी देईन."

आता सगळ्या घरात विनोदाला बंदी का, ते मला कळलं. मी मनातल्या मनात ठरवलं की रविवारपर्यंत या मुलीसमोर मी भिंतीसारखी राहीन.

शनिवारी दुपारी सॅमसन आणि लिआ दोघंही डुलकी घेत होते. नओमी जागी, माझ्या खांद्यावर. शेजारच्या लिम आंटींनी कॉरिडॉरमध्ये कुंड्या ठेवल्या आहेत. एकीला फूल आलं होतं आणि मला त्याची जात ओळखायची होती. मी बाळाला घेऊन बाहेर पडले. मेझुझाला बोटं लावली, ओठांना लावली. दोन पावलं गेले आणि आठवलं, आज शब्बाथ, आमचा शनिवारचा विश्रांतीचा दिवस. शब्बाथला घराबाहेर काही उचलून न्यायचं नसतं, आणि माझ्या खांद्यावर एक अख्खी मुलगी. परत फिरले. मेझुझा, ओठ. आत आल्यावर वाटलं, पण कॉरिडॉरला छप्पर आहे, कठडा आहे, तो घराचाच भाग धरायला हवा. बाहेर. मेझुझा, ओठ. मग लक्षात आलं की पलीकडे लिफ्टजवळ तो उघडा आहे. आत. मेझुझा, ओठ. तरीही फूल तर दारापासून हातभरच होतं. बाहेर.

खांद्यावर काहीतरी हललं. मला वाटलं उचकी. चेहरा समोर धरला तर नओमीचं तोंड उघडं, डोळे बारीक, आणि पोटातून येणारा तो आवाज. हसत होती. नीट, खळखळून, माझ्याकडे बघून.

एका निरीक्षणावर निष्कर्ष काढू नये, असं मी मुलांना शिकवते. म्हणून पुन्हा आत गेले आणि मेझुझाला हात लावला. पुन्हा हसली. आणखी मोठ्याने.

शेजारच्या जाळीच्या दारात लिम आंटी उभ्या होत्या, हातात झारी. बंदीची त्यांनाही पूर्ण कल्पना होती. लिआने त्यांना आठवडाभर बाळाकडे बघून तोंडं वेडावू दिली नव्हती, आणि त्याचा त्यांना रागही होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बाळाकडे पाहिलं, आणि हळूच म्हणाल्या, "आय सी नथिंग, लाह." आणि दार लावून घेतलं.

पुढचा एक दिवस मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. मी दाराजवळ गेले की नओमीच्या गालांना हालचाल व्हायची. म्हणून मी दाराजवळ जाणं सोडलं. रविवारी सकाळी सॅमसनने फिरायला चल म्हटलं, मी नको म्हणाले. खाली कॉफी प्यायला चल, नको. त्याने लिआला सांगितलं की ताईला इथलं पाणी बाधलं. माझ्या डोक्यात सारखं एकच. सांगितलं तर लिआचं मन मोडणार. नाही सांगितलं तर म्हातारबोवा येतील, हसवतील, सगळे आनंदी, आणि खोटेपणा फक्त माझ्यापाशी राहील. एवढा खोटेपणा एकटीने बाळगणं हाच खरा उदारपणा, असंही एकदा मनात आलं. मग वाटलं, पोरीच्या उदारपणाची सुरुवातच चोरीच्या हसण्यावर? आणि आंटींना माहीत होतंच.

रविवारी दुपारी लिआचे वडील आले. त्यांना सगळे चेई म्हणतात, म्हणजे आईचे वडील. रुंद काळी टोपी, गळ्यात निळ्या खड्यांची माळ, आणि सामान म्हणून माझ्या पर्सपेक्षा थोडी मोठी एक बॅग. तिच्यात कपडे कमी आणि मिठाचे खडे जास्त. तिकडच्या एका खाऱ्या तळ्याचं मीठ. चेई कमी बोलतात, आणि काही दाखवायचं तर बोटाऐवजी ओठ पुढे काढून दाखवतात. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघून ओठांचा चंबू केला तेव्हा मी अवघडून मागे सरकले. त्यांना माझ्या मागची खुर्ची हवी होती.

ते बसले, नओमीला मांडीवर घेतलं. लिआ समोर जमिनीवर, सॅमसन मोबाइलवर चित्रण करत. चेई त्यांच्या भाषेत काहीतरी हळूहळू बोलले. नओमी ऐकत राहिली. त्यांनी टोपी तिच्या डोक्यावर ठेवली, काढली. मेंढीचा आवाज काढला. नओमी विचारात पडलेल्या न्यायाधीशासारखी बघत होती. मग तिने मान वळवली आणि मला शोधलं. मी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, फ्रिजला चिकटून. तिने माझ्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे.

"ती काल हसली," मी म्हटलं. "माझ्यामुळे."

सॅमसनचा मोबाइल खाली आला. लिआने नुसतं नओमीकडे पाहिलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

चेईंनी विचारलं, "काय केलंस?"

मी सांगायचा प्रयत्न केला. शब्बाथ, कॉरिडॉर, छप्पर. त्यांनी मला थांबवलं आणि ओठांनी दाराकडे दाखवलं. करून दाखव.

सेहेचाळिसाव्या वर्षी, तीन माणसं आणि एक बाळ बघत असताना, मी त्या दारातून बाहेर गेले, आत आले, बाहेर गेले, आत आले, दर वेळी मेझुझाला बोटं लावून, आणि मध्ये थांबून विचारात पडून, कारण चेई म्हणाले ते वगळायचं नाही. चौथ्या खेपेला नओमी हसली. आणि तिच्या पाठोपाठ खांदे हलवत, आवाज न करता, चेई हसायला लागले. बराच वेळ हसले. मग टोपीने डोळे पुसून लिआला म्हणाले, "तुझी आई अशीच. मी शाळेची बस चालवायचो, ती शाळेत शिकवायची. रोज दारातून परत फिरायची, त्या नळीला नीट हात लावला की नाही याची खात्री करायला. बस उभी. पोरं ओरडायची. मी म्हणायचो, थांबा, अजून एकदा होणार आहे."

लिआ मेझुझाकडे बघत होती. मग तिने डोळे पुसले आणि चेईंना नवाहोत काहीतरी विचारलं. ते माझ्याकडे वळले.

"ही विचारते, पोरगी तुझ्यासारखी होणार का. तू देणाऱ्यातली आहेस?"

सॅमसनला आठवड्याची बंदी तिथेच असह्य झाली. तो सोफ्यावर आडवा पडून हसू लागला. मी खोटं बोलायचं नाही असं नुकतंच ठरवलं होतं.

"नाही," मी म्हटलं.

चेईंनी मान हलवली. "मग हा विधी तुम्हा दोघींचा, पोरीचा आणि तुझा. जेवायला काय करतेस?"

मी मलिदा करते म्हणाले. दुसरं काही सुचलं नाही.

सोमवारी लिटल इंडियाला गेले, हौगांगहून एमआरटी सरळ जाते. नारळ, वेलदोडे, केळी, सफरचंदं, अंजीर, सगळं मिळतं. नारळ हलवून, वाजवून घ्या. मटण सॅमसनने सिनॅगॉगजवळच्या दुकानातून आणलं, कारण चेईंना मटणाशिवाय जेवण म्हणजे काय हे समजत नाही. माझे पोहे अखेर कामी आले. आणि मीठ मात्र सिंगापूरच्या हवेने दोन दिवसांत ओलं झालं. आपल्याकडे पावसाळ्यात करतात तसे मी त्यात तांदूळ टाकले. चेईंनी ते बघितलं आणि पहिल्यांदाच मला शाबासकी दिली.

मंगळवारी संध्याकाळी तुआसचे सॅमसनचे मित्र, दोन मराठी कुटुंबं, लिआच्या शाळेतल्या बायका आणि अर्थात लिम आंटी. नओमी माझ्या मांडीवर. तिची मूठ मिठाच्या वाटीत घालायची, माझा हात तिच्या हाताखाली, आणि आलेल्याच्या एका तळव्यावर मीठ, दुसऱ्या हातात ताट. पाहुण्याने मीठ चाखून पोरीला आशीर्वाद द्यायचा. मी प्रत्येकाला बारीकसा खडा येईल अशी मूठ धरत होते, म्हणजे सगळ्यांना पुरेल. चेई शेजारी बसले होते. त्यांनी काही न बोलता ओठांनी मोठ्या खड्याकडे दाखवलं. मी मोठा दिला. पुढच्यालाही ते मोठ्याकडेच दाखवत राहिले. वाटी संपली, त्यांनी बॅगेतून आणखी काढलं. लिम आंटी दुसऱ्यांदा रांगेत आल्या आणि मी त्यांना ओळखलं नसल्यासारखं केलं. तेवढं मी त्यांचं देणं लागत होते.

जेवणाआधी मी मलिद्याचं ताट उचलून एलियाहूचं नाव घेतलं. चेईंनी चिमूटभर पराग उगवतीकडे सोडले. मी पश्चिमेकडे तोंड करून उभी, ते पूर्वेकडे, मध्ये नओमी. मी खरंच विचार केला की यात काही चुकतंय का. पण मटण गार होत होतं.

निघायच्या दिवशी लिआ दारापर्यंत आली. मी मेझुझाला हात लावून निघाले, लिफ्टशी पोचले, परत फिरले. ती तिथेच उभी होती, नओमीला कडेवर घेऊन.

"थांबलेय," ती म्हणाली. "अजून एकदा होणार आहे, माहीत होतं."

परत येऊन दोन महिने झाले. लिआ सांगते की नओमी आता आपला चावलेला खुळखुळा समोर येईल त्याच्या तोंडात घालते, लिम आंटींच्या सुद्धा. म्हणजे माझा गुण काही उतरलेला दिसत नाही. सहल कशी झाली असं लोक विचारतात, तेव्हा मी त्यांना गाड्या कुठे बदलायच्या ते सांगते. बाकीचं सांगायला ही एवढी नोंद लागली.

चेईंनी निघताना मला मुठीएवढा मिठाचा खडा दिला होता. आज हे लिहिताना तो आठवला आणि उठून बघितला. बरणीत, तांदळात पुरलेला, दोन डब्यांच्या मागे, झाकणावर फडकं बांधून. खराब होऊ नये म्हणून मी तो अजून कुणाला दाखवलासुद्धा नाही.

उद्या: खलबत्ता काढून मीठ फोडायचं आणि मजल्यावर घरोघरी द्यायचं, मोठे खडे आधी.